गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची ट्रामाडॉलची गोळी: भ्यायचं कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ७१, वजन ५४ किलो. उजवा गुडघा बदलून नऊ दिवस झाले. डिस्चार्ज कार्डावर ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी मिश्र गोळी दिवसातून तीनदा लिहिली आहे, आणि सुजेची म्हणून ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोनदा. मेडिकलवाल्याने "ही अफूच्या जातीची आहे हं, जपून" असं सांगितल्यापासून आई ती गोळी दिवसा टाळतात आणि रात्री सहन झालं नाही की एकदम दोन घेतात. मग मळमळ, गरगर. मधल्या वेळात 'साधी' म्हणून डोलो ६५० तीनदा. बीपीची आणि शुगरची आहेच, शिवाय तुम्ही जाता जाता लिहिलंय, "झोपेची एक बारीकशी गोळी गेली चार वर्षं." आणि विचारलंय: सवय लागेल का? बंद करू का?

सवयीचं शेवटी बोलू. मला आधी ती झोपेची बारीकशी गोळी बघायची आहे.

मी भूलतज्ज्ञ. मिरजेत बावीस वर्षं भूल देतोय आणि त्यातली चौदा वर्षं वेदनांची ओपीडीही चालवतोय. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्यांचं प्रिस्क्रिप्शन नव्हे. किडनी कशी आहे, कधी फिट आली होती का, रात्री जोरात घोरतात का, दारूचा प्रश्न आहे का (बायकांना हे कोणी विचारत नाही, मी विचारतो), यावर उत्तर बरंच बदलतं. पण विचार कसा करायचा ते सांगता येईल, म्हणजे सर्जनला फोन कराल तेव्हा नेमकं विचारता येईल.

ही एक गोळी दिसते, पण आत औषधं दोन आहेत, आणि दोघांचे धोके वेगळे. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला बाधतं. ट्रामाडॉल जास्त झालं, किंवा चुकीच्या सोबतीत पडलं, तर मेंदूला आणि श्वासाला. आई "दोन घेतल्या" म्हणतात तेव्हा त्यांनी दोन्ही औषधं दुप्पट केलेली असतात. वेदनेसाठी त्यांना कदाचित त्यातलं एकच वाढवायला हवं होतं.

आधी पॅरासिटामॉलचा हिशोब करू, कारण तो कागदावर मांडता येतो. तुम्ही लिहिलेल्या एखाद्या वाईट दिवशी मिश्र गोळ्या ४, म्हणजे १३०० मिलिग्रॅम. डोलो ६५० तीन, म्हणजे १९५०. सुजेच्या गोळीतही ३२५ आहे, ती दोनदा, म्हणजे ६५०. बेरीज ३९००. धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. ५४ किलोच्या, ७१ वर्षांच्या, नीट न जेवणाऱ्या बाईसाठी मी ३००० च्या पुढे जात नाही, आणि खाणं अगदीच कमी असेल तर २००० ला थांबतो. घरात कोणीही हावरटपणा केलेला नाही. प्रत्येक गोळी कोणीतरी भल्यासाठीच दिली आहे, आणि तरी आई मर्यादेला टेकल्या आहेत. त्यात सर्दीची गोळी घेतली असती तर गेल्याच असत्या पलीकडे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. भावाने किंवा भाच्याने अमेरिकेहून आणलेली टायलेनॉलची लाल झाकणाची बाटली घरात असेल तर तीही बघा. तिच्यावर 'ॲसिटामिनोफेन' लिहिलेलं असतं, ते पॅरासिटामॉलच. फक्त नाव अमेरिकी.

२०११ मध्ये केंद्र सरकारने मिश्र गोळ्यांतलं पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमवर आणायला लावलं, ते यकृताच्याच काळजीने. पण सरकार गोळीतलं प्रमाण ठरवू शकतं, पिशवीतल्या गोळ्यांची संख्या नाही. आणि पॅरासिटामॉलची विषबाधा लबाड असते. पहिल्या दिवशी फार तर मळमळ आणि थकवा. काविळीची लक्षणं दिसतात तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि उतारा मात्र पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला चालतो. म्हणून कधी चुकून जास्त गेली असं कळलं, तर "बघू उद्यापर्यंत" करू नका. लगेच जा. उपवासाचंही इथेच सांगतो. लांबलेल्या उपासमारीत यकृताचा राखीव साठा कमी होतो, त्यामुळे या महिनाभरात एकादशी-चतुर्थीला सुट्टी. आईंना म्हणावं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे पाप माझ्या माथी.

तर हिशोबाचं पहिलं काम: डोलो बंद. आईंना रोजची एकूण वेदनाशामकं किती आणि कुठून मिळतात हे एकाच कागदावर आणा. सुजेची गोळी सर्जनला विचारून एकतर नुसत्या ॲसिक्लोफेनॅकवर नेता येईल, किंवा थांबवता येईल. ॲसिक्लोफेनॅकचा वेगळा मुद्दा आहे. बीपीची गोळी टेल्मिसार्टन-एच अशी, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधासह असेल, तर ही जोडगोळी आणि वेदनाशामक मिळून वयस्कर किडनीवर चांगलाच ताण आणतात. क्रिएटिनिनचा (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट ऑपरेशनआधीचा असेलच, नंतरचाही हवा. किडनी मंद असली की ट्रामाडॉलही शरीरात जास्त वेळ राहतं, आणि मग दिवसाला तीनऐवजी दोन आणि तेही बारा तासांनी, असं ठरवावं लागतं.

आता ट्रामाडॉल. याचा स्वभाव थोडा दुहेरी आहे. एका बाजूने ते अफूच्या जातीचं काम करतं, म्हणजे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना दाबतं. हे काम मुख्यतः ते स्वतः करत नाही, यकृतात त्याचं जे रूपांतर होतं ते करतं. हे रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) काहींत आळशी असतं, काहींत अतिउत्साही. म्हणून एकाच वॉर्डात एक आजोबा म्हणतात "काही फरक नाही", आणि शेजारच्या आजी एका गोळीत झिंगतात. दुसऱ्या बाजूने ट्रामाडॉल मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही रसायनं वाढवतं, जे काम नैराश्याच्या गोळ्याही करतात. ही दुसरी बाजू मेडिकलवाल्याच्या सूचनेत येत नाही, आणि बऱ्याचदा डिस्चार्ज कार्डातही नाही.

म्हणूनच ती बारीकशी गोळी. आपल्याकडे 'झोपेची' म्हणून वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळीची पट्टी पालथी करून वाचली, तर माझ्या ओपीडीत बरेचदा एस्सिटालोप्रॅम (नैराश्याचं) आणि क्लोनाझेपाम (झोपेचं) अशी जोडी निघते. म्हणजे तीही मिश्रच! तसं असेल तर आईंच्या अंगात रात्री दोन वेगळ्या टकरी होतात. क्लोनाझेपाम आणि ट्रामाडॉल दोघंही गुंगी आणतात आणि श्वासाचा वेग उतरवतात. अफूवर्गीय औषध आणि या जातीची झोपेची गोळी एकत्र देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सर्वांत कडक चौकटीतला इशारा छापायला लावला. आणि एस्सिटालोप्रॅम व ट्रामाडॉल मिळून सेरोटोनिन वाढवतात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. मी स्वतः अशा रुग्णांना कमी मात्रेत ट्रामाडॉल दिलेलं आहे, पण माहीत असताना, लक्ष ठेवून. आई मात्र दिवसा टाळून रात्री झोपेच्या गोळीसोबत दोन एकदम घेतात. नेमकी सगळ्यात वाईट वेळ निवडली आहे त्यांनी.

हे वाचून ती झोपेची गोळी आजपासून बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती. चार वर्षांची क्लोनाझेपाम एका रात्रीत तोडली तर अस्वस्थपणा, निद्रानाश, क्वचित फिटसुद्धा येते. ट्रामाडॉल फिटची शक्यता आधीच थोडी वाढवतं, त्यात ही भर नको. चालू राहायची ती गोळी चालू राहू द्या, रात्रीची ट्रामाडॉलची गोळी एकच, आणि सर्जन व ती गोळी लिहिणारे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या औषधांची नावं सांगा. या दोघांत बोलणं होत नाही. ते तुम्हालाच घडवून आणावं लागेल.

आमच्याकडे जतकडचे एक निवृत्त मास्तर आले होते, कंबरेचं दुखणं. घरच्यांचं म्हणणं, बाबांना महिन्याभरात विसरायला लागलंय, वयच झालं. मी मास्तरांच्या बायकोला म्हटलं, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा आणि टेबलावर उलटी करा. चौदा पट्ट्या निघाल्या. त्यातल्या सहा कात्रीने कापलेल्या. आपल्याकडे मेडिकलमध्ये पाच गोळ्या मागितल्या की पट्टी कापून देतात, आणि मग घटकांची नावं एका तुकड्यावर जातात, तारीख दुसऱ्यावर. एका तुकड्यावर गोळीच्या नावातलं फक्त 'सेट' एवढं उरलं होतं. फॉइल भिंगाखाली धरून जुळवत बसलो, तेव्हा कळलं की दोन गावच्या दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकच होत्या: ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल. दोन्ही तीनदा. वर नैराश्याची गोळी, वर लघवीची. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. एक गोळी बंद, दुसरी उतरवत नेली, सोडियम सावरलं, आणि पंधरा दिवसांनी मास्तरांनी माझं मराठी शुद्धलेखन सुधारलं. तुम्हीही आज संध्याकाळी पिशवी उलटी करा. कापलेल्या पट्ट्यांचे फोटो मोबाइलवर मोठे करून वाचा, भिंगापेक्षा सोपं पडतं.

अजून दोन औषधांची नावं लक्षात ठेवा, कारण ती पुढच्या महिन्यात अचानक घरात येऊ शकतात. एक, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. ते दुकानात सहज मिळतं आणि तेही सेरोटोनिनच्याच वाटेने जातं. दुसरं लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक. जखमेत जंतुसंसर्ग झाला तर अस्थितज्ज्ञ ते लिहितात, आणि ते ट्रामाडॉलसोबत अजिबात नको. लिहिणाऱ्याला तुम्हीच सांगा, "आई ट्रामाडॉलवर आहे."

धोक्याच्या खुणा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, रात्री सोबत झोपणाऱ्या बाईंनाही. हाक मारूनही नीट जाग येत नाही, श्वास संथ पडलाय, घशात घरघर होतेय, ओठ निळसर दिसतायत: श्वास मोजा, मिनिटाला दहाच्या खाली असेल तर १०८ लावा. मोजत बसण्यात वेळ जात असेल तर मोजूही नका. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सेरोटोनिन फार वाढलं तर, उलटं होतं: दरदरून घाम, हातापायांना थरथर आणि झटके, प्रचंड अस्वस्थपणा, ताप, जुलाब. तीही तातडीचीच बाब. पहिल्या प्रकारात दवाखान्यात अफूवर्गीय औषधाचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन देतात, पण ते ट्रामाडॉलचा अर्धाच परिणाम उतरवतं, त्यामुळे इंजेक्शन घेऊन घरी परत असं नसतं, निगराणीत राहावं लागतं. आणि आई शुगरची ग्लिमेपिराइड घेत असतील तर घाम आणि गोंधळलेपणा दिसल्याबरोबर आधी ग्लुकोमीटर लावा. ट्रामाडॉल काहींची साखर उतरवतं, आणि मळमळीमुळे जेवण झालेलं नसतं.

हे सगळं भयंकर वाटलं असेल. पण मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला अपघात याहून साधा आहे: रात्री तीनला बाथरूमला जाताना पडणं. नवा गुडघा, गरगर, ओला मोरीचा कोपरा. पहिले पंधरा दिवस रात्रीचा दिवा जळता ठेवा, कमोडची खुर्ची पलंगाशेजारी आणा, आणि उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायची सवय लावा. आईंना लाज वाटेल खुर्चीची. वाटू द्या.

मळमळ बहुतेकांची तीन-चार दिवसांत ओसरते, पण आई रोज नियमाने घेतच नसल्यामुळे त्यांच्या शरीराला सरावच होत नाहीये, दर वेळी पहिला दिवस. गोळी काहीतरी खाऊन घ्या, पेज किंवा मऊ भात चालेल, आणि नंतर अर्धा तास मान फार हलवायची नाही. उलटीची ऑनडान्सेट्रॉन घेतलीत तर चालते, मात्र ती ट्रामाडॉलचा वेदनेवरचा गुण थोडा कमी करते असं दिसलं आहे, त्यामुळे ती रोजची करू नका. निम्म्या ताकदीची गोळीही बाजारात आहे. ५४ किलोच्या बाईसाठी मी बहुधा तिथूनच सुरुवात करतो. सर्जनना हे जरूर विचारा.

मलावरोधाचं कोणी विचारत नाही, आणि पाचव्या दिवशी तोच सगळ्यात मोठा विषय होतो. घरोघरी उपाय एकच: इसबगोल. अफूवर्गीय औषधाने आतड्याची हालचालच मंदावते, तिथे नुसता चोथा वाढवून उपयोग नाही. पाणी कमी पडलं तर तोच चोथा अडकून बसतो. इथे लॅक्टुलोजसारखं मल मऊ करणारं आणि गरज पडली तर बिसाकोडिलसारखं आतडं हलवणारं औषध लागतं. डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या, खडा झाल्यावर नव्हे.

मग बंदच का करू नये एवढी कटकट असेल तर? कारण गुडघा. पहिल्या काही आठवड्यांत पाय वाकला नाही तर सांधा कडक होतो, आणि पुढे तो सोडवायला पुन्हा भूल द्यायची वेळ येते. ती भूल मीच देतो, म्हणून सांगतोय. वेदनाशामकाचं या दिवसांतलं काम आईंना शून्य दुखणं देणं नसून व्यायाम करण्याइतपत दुखणं खाली आणणं हे आहे. म्हणून वेळ व्यायामाशी बांधा. फिजिओ सकाळी दहाला येत असेल तर गोळी नऊला, नाश्त्यानंतर. पुढची किमान सहा तासांनी. रात्रीची एक. दुखलं म्हणून दोन एकत्र नाहीत, चुकली म्हणून भरपाई नाही. मधल्या वेळी बर्फाचा शेक आणि पाय उंच. हे स्वस्त उपाय आहेत, म्हणून लोक त्यांना हलकं समजतात. गोळीच्या माहितीपत्रकात दिवसाला ८ पर्यंतचा आकडा सापडेल. तो तुमच्या आईंसाठी नाही.

आता सवय. खोटं बोलणार नाही: लागते. दोन-तीन वर्षं कंबरेसाठी ट्रामाडॉल घेणारे रुग्ण माझ्याकडे येतात. गोळी चुकली की जांभया, नाक गळणं, जुलाब, पायांची चळवळ, आणि त्यांना वाटतं मूळ दुखणंच वाढलं. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना प्रॉक्सिव्हॉन आठवत असेल, दाढदुखीला सर्रास घ्यायचे. त्यातलं डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन २०१३ मध्ये आपल्याकडे बंद झालं. ब्रिटनने तीच जोडी २००५ पासूनच मागे घ्यायला सुरुवात केली होती. ट्रामाडॉलही आपल्या सरकारने २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मेडिकलवाला चिठ्ठी मागतो आणि वहीत नाव लिहून घेतो, तो अशा नियमांमुळेच. त्याच्यावर चिडू नका, त्याने तेवढं तरी सांगितलं.

पण ऑपरेशननंतर ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या तारखेपर्यंत घेतलेली गोळी आणि दोन वर्षांची गोळी यांत फार अंतर आहे. अमेरिकेत या मिश्र गोळीच्या माहितीपत्रकावर तीव्र वेदनेसाठी पाच दिवस किंवा कमी असंच लिहिलेलं आहे. गुडघा बदलल्यावर देखरेखीखाली थोडं जास्त लागतं, हे मान्य. अडचण होते ती बंद करायची तारीख कोणीच लिहीत नाही तेव्हा. डिस्चार्ज कार्डावर 'चालू ठेवा' एवढंच असतं. तुम्ही ती तारीख सर्जनकडून मागून घ्या. माझी नेहमीची पद्धत अशी: तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दुपारची गोळी काढायची, तीन-चार दिवसांनी रात्रीची, आणि व्यायामाआधीची सगळ्यात शेवटी. जशी मिश्र गोळी कमी होईल तसं नुसतं पॅरासिटामॉल त्या जागी येऊ शकतं, आता हिशोबात जागा झालेली असते. तिसरा आठवडा उलटूनही दुखणं वाढतच असेल, गुडघा लाल, गरम होत असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर गोळी वाढवायची नाही, सर्जनला दाखवायचं.

उरलेली पट्टी देवघराच्या खणात ठेवू नका. नातवाच्या क्रिकेटच्या दुखापतीला, शेजारच्या काकूंच्या कंबरेला ती देऊ नका. बारा वर्षांखालच्या मुलांना तर ट्रामाडॉल मुळीच नाही. आणि तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांनी आई ताईंकडे दुबईला जाणार आहेत. तिथे ट्रामाडॉल नियंत्रित औषध आहे, आधी परवानगी काढल्याशिवाय बॅगेत एक तुकडाही नको. पर्स आणि औषधांचा बटवा झटकून बघा.

पिशवी उलटी केलीत की मला दोन गोष्टी कळवा: त्या बारीकशा गोळीच्या फॉइलवर काय लिहिलंय, आणि क्रिएटिनिन किती आहे. तोवर रात्री एकच, आणि डोलो कपाटात.